तापीकाठचा मुक्काम : हॉटेल निवडताना व्यापाऱ्याने काय पाहावे?

सुरतेला माल घ्यायला जाणारा माणूस आमच्या मालेगावात मोहल्ल्यागणिक सापडतो. कोणी साड्या आणतो, कोणी ड्रेस मटेरियल, कोणी सूत. निघण्यापूर्वी आम्ही भाव विचारतो, उधारीची मुदत विचारतो, ट्रान्सपोर्टचा दर विचारतो. मुक्काम कोठे करायचा हे मात्र सुरतेत उतरल्यावर रिक्षावाल्याला विचारतो. म्हणजे खरेदीचा हिशोब आम्ही पैशापैशाने करतो आणि तो माल ज्या छपराखाली रात्र काढणार आहे त्याची चौकशी रिक्षावाल्यावर सोडतो. असा व्यवहार आम्हीही बरीच वर्षे केला. त्याची किंमत मोजली तेव्हा शहाणे झालो.

हे आज लिहिण्याचे कारण घरातलेच आहे. आमचा पुतण्या यंदा पहिल्यांदाच एकटा खरेदीला निघाला. रात्री जेवण झाल्यावर मोबाईल घेऊन आमच्याजवळ आला आणि म्हणाला, "बडे अब्बा, हे हॉटेल बघा. खोलीतून थेट तापी दिसते. भाडेही बेताचे आहे."

फोटो छान होता. पांढरी चादर, मोठी खिडकी, खिडकीत नदी. आम्ही विचारले, "माल कोठे ठेवशील?"

"खाली ठेवायला देतात म्हणे."

"खाली म्हणजे रस्त्यापेक्षा किती वर?"

त्याला प्रश्न कळला नाही. "आणि जेवणाचे काय?" असे विचारले तर म्हणाला, "मोबाईलवरून मागवीन." त्या रात्री त्याला जे सांगितले तेच येथे थोडे नीट जुळवून लिहीत आहोत. सुरतेला जाणाऱ्या, किंवा नदीकाठच्या कोणत्याही शहरात माल घेऊन उतरणाऱ्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना त्याचा उपयोग व्हावा.

जुन्यांची समज

सुरतेत मुसाफिराच्या उतरण्याचा विचार आजचा नाही. किल्ल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर मुगलीसरा नावाचा भाग आहे. तेथे शाहजहानच्या काळात, १६४४ साली, हकीकत खान याने एक सराई बांधली. मध्ये मोकळे अंगण आणि भोवती खोल्या. त्या काळी सुरत हे मुघल राज्याचे मोठे बंदर होते. हजला जाणारे लोक येथूनच जहाजात बसत, आणि साऱ्या मुलखातले व्यापारी येथे माल उतरवीत. तीच इमारत आज सुरत महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे. रोज हजारो लोक तेथे दाखले काढायला जातात, पण आपण मुसाफिरखान्यात उभे आहोत याची आठवण फार थोड्यांना असते.

आम्ही ती इमारत पहिल्यांदा पाहिली ती असाच एक दाखला काढणाऱ्या ओळखीच्या दलालाबरोबर. पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली. सराई नदीपासून जवळ आहे, पण नदीच्या तोंडावर नाही. धक्क्यावरून माल आणणे सोपे जावे इतकी जवळ, आणि नदीने उंबरठा ओलांडू नये इतकी आत. बाजार मात्र तिच्या दाराशीच. बांधणाऱ्याने असा विचार करूनच ती जागा धरली असेल की नाही ते सांगता येणार नाही, पण आजच्या व्यापाऱ्याला जागा धरायची झाली तर याहून चांगले माप मिळणार नाही.

दोन सुरती

आज सुरतेत उतरायला दोन मुख्य बाजू आहेत. पहिली बाजू रेल्वे स्टेशन, सहारा दरवाजा आणि रिंग रोडची. सुरत टेक्स्टाइल मार्केट आणि त्याच्या आसपासची कापडाची मोठमोठी मार्केटे तेथेच आहेत. सकाळी उठून पायी दुकानावर जाता येते आणि ट्रान्सपोर्टची कार्यालये जवळ पडतात. नवख्या माणसाला हे सोयीचे वाटते. पण मार्केट संध्याकाळी बंद झाले की त्या भागात आपल्याला करण्यासारखे काही उरत नाही. खाण्याच्या जागा पुष्कळ आहेत, पण त्या घाईत असलेल्या प्रवाशासाठी. मांसाहारी माणसाला हलालची खात्री करून घ्यायची तर चारदा विचारावे लागते.

दुसरी बाजू जुन्या शहराची : चौक बाजार, मुगलीसरा, सैयदपुरा, राणी तलाव, झांपा बाजार आणि खाली नानपुऱ्याकडे. कापड मार्केटपासून दोन-तीन किलोमीटर. येथे नदी जवळ आहे आणि खाण्याचा बाजार त्याहून जवळ. पहाटे झांपा बाजारात बारा हंडीची मोठमोठी भांडी रात्रभराच्या शेगडीवरून उतरतात, नान त्यात बुडवून हमालापासून शेठपर्यंत सगळे एकाच बाकावर खातात. आठ वाजता लोचो आणि खमणाच्या गाड्यांवर गर्दी होते. बेकरीतून नानखटाईचा वास येतो. पुलापलीकडे रांदेर आहे. सुरतेहून जुने बंदर. तेथले व्होरा व्यापारी ब्रह्मदेशात धंदा करीत, तेथून त्यांनी खावसा नावाचा शेवयांचा पदार्थ आणला, तो आज रांदेरचाच होऊन बसला आहे. रमजानात संध्याकाळनंतर रांदेरच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. आणि हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारी, अडाजणला सरदार पुलाजवळ पोंकाच्या पाली लागतात. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच. आपण तो चटणी-गुळाशी खातो, सुरती माणूस लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खातो.

कोणी म्हणेल, खरेदीला गेलेल्या माणसाला हे चोचले कशाला? त्याला आमचे उत्तर असे. खाण्याच्या बाजारात फक्त खाणे मिळत नाही. रात्री नऊच्या सुमारास त्या बाकांवर दलाल बसतो, प्रोसेस हाऊसमधला रंगारी बसतो, ट्रान्सपोर्टचा कारकून बसतो, भरतकाम करणारा कारागीर बसतो. कोणत्या मार्केटमध्ये माल तुंबला आहे, कोणाकडे कटपीस निघाले आहेत, कोणाची हुंडी परत गेली, ही खबर गादीवर बसून कोणी सांगत नाही. ती रस्सा ओरपताना निघते. १९९० च्या सुमारास, वडिलांबरोबर पहिल्यांदा आलो तेव्हा, आम्हाला गुजराती पाट्या वाचता येत नव्हत्या. उर्दू शाळेत शिकल्याने देवनागरीशीही नुकतीच ओळख होत होती. शिरोरेघ काढली की गुजराती पुष्कळशी वाचता येते, ही युक्ती आम्हाला तेथल्याच एका खानावळीतल्या गल्लेवाल्याने शिकवली.

तेव्हा खाण्याच्या बाजाराजवळ उतरावे, हे आमचे मत आहे. पण नदीच्या बाबतीत ते एवढे सरळ नाही.

त्या सोमवारची गोष्ट

साल २००६. ऑगस्टचा पहिला आठवडा. रमजान सप्टेंबरच्या शेवटी होता आणि ईदच्या साड्यांची खरेदी आटोपायची होती. आम्ही आणि आमचे धाकटे बंधू नदीलगतच्या एका लॉजमध्ये उतरलो होतो. नाव येथे देत नाही. लॉजचे तोंड नदीकडे, आणि पाठीमागची भिंत एका खाण्याच्या गल्लीतल्या घरांना लागून. खोली दुसऱ्या मजल्यावर. मालाच्या अठरा गाठड्या मॅनेजरने तळमजल्यावरच्या एका कोठडीत ठेवून घेतल्या. भाडे घेतले नाही, म्हणून आम्ही खूश होतो. मंगळवारी ट्रान्सपोर्टला द्यायच्या होत्या.

सोमवारी, ७ ऑगस्टला, दुपारी चारच्या सुमारास आम्ही मागच्या गल्लीत चहा प्यायला गेलो. समोरच्या बेकरीत चार पोरे पिठाची पोती खांद्यावर घेऊन जिन्याने वर नेत होती. शेजारच्या खानावळीतला वयस्कर भटियारा आपल्या देगा माडीवर चढवून घेत होता. शहरात त्या दिवशी पूर येण्यासारखा पाऊस नव्हता. आम्ही सहज विचारले, "शादी है क्या?" तो म्हणाला, "उकाई से पानी छूटा है भाई. तुम्हारा माल नीचे हो तो ऊपर ले लो."

आम्ही लॉजवर येऊन मॅनेजरला विचारले. तो टीव्ही पाहत होता. म्हणाला, "शेठ, इधर पानी कभी नहीं आता." हमाल लावायचे तर अठरा गाठड्या दोन जिने चढवायच्या आणि सकाळी पुन्हा उतरवायच्या. दोन्ही वेळची मजुरी आमच्या डोळ्यांपुढे आली. आम्ही मॅनेजरचे ऐकले.

रात्री अंधारातच पाणी आत आले. नदीकडून लाट येईल अशी आमची कल्पना होती, पण पहिले पाणी मोरीतून वर आले, मग दारातून. आम्ही दोघे भाऊ खाली धावलो आणि चार गाठड्या कशाबशा जिन्यावर ओढल्या. पाचवीला हात घातला तेव्हा पाणी कमरेपर्यंत होते आणि वीज गेली होती. बंधूने आम्हाला दंडाला धरून वर ओढले. चौदा गाठड्या राहिल्या. आमच्या त्या वेळच्या ऐपतीला पावणेदोन लाखांचा तो माल म्हणजे दुकानाचा कणाच होता, आणि तोही निम्म्याहून अधिक उधारीचा.

त्या पुरात सुरतेचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याखाली गेला. अडाजण-रांदेरच्या बाजूला कित्येक ठिकाणी पहिला मजला बुडाला. आम्ही तीन दिवस त्या माडीवर होतो. खिडकीतून नदीचे दर्शन होत होते खरे, पण प्यायला पाणी नव्हते. मॅनेजर पहिल्याच रात्री निघून गेला होता. लॉजच्या स्वयंपाकघरात काही नव्हते, कारण स्वयंपाकघर तळमजल्यावर होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाठीमागच्या गच्चीवरून हाक आली. तोच भटियारा. त्याच्या देगा माडीवर सुरक्षित होत्या, बेकरीवाल्याचे सरपण आणि गल्लीतल्या दुकानदाराचे तांदूळ-डाळही वर होते. त्यांनी खिचडी शिजवली होती आणि ती गच्च्यांवरून एकेका घरात पोहोचवत होते. लॉजमध्ये आम्ही अकरा माणसे अडकलो होतो, त्यात नंदुरबारचे एक जैन व्यापारी होते. त्यांच्यासाठी साधा भात वेगळा काढून आला. पाणी त्यांनी आपल्या टाकीतून हंड्याने दिले. तीन दिवस दोन वेळा. शेवटी पैसे देऊ लागलो तर भटियारा म्हणाला, "मुसाफिर से पुर का पैसा नहीं लेते. अगली बार निहारी खाने आना, उसका लेंगे."

पाणी उतरल्यावर कोठडी उघडली. सिंथेटिक कापड सुताइतके सडत नाही, पण तापीचा गाळ जरीत आणि लेसमध्ये बसला की निघत नाही, आणि एका साडीचा रंग दुसरीला लागतो. तो माल मालेगावला डॅमेज म्हणून किलोवर विकला. ज्याच्याकडून उधार घेतला त्या व्यापाऱ्याच्या स्वतःच्या गोदामात पाणी शिरले होते, तरी त्याने मुदत वाढवून दिली. शेवटचा हप्ता आम्ही २००८ च्या रमजानपूर्वी फेडला. विम्याचे विचारले तर दुकानाच्या पॉलिसीत फक्त दुकानाचा पत्ता होता. लॉजच्या कोठडीत ठेवलेल्या मालाशी तिचा संबंध नव्हता.

नदी वरून येते

हे असे का झाले, ते आम्ही नंतर समजून घेतले. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. तिचे खोरे सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यातले ५१ हजार आपल्या महाराष्ट्रात, खान्देश आणि विदर्भाकडे आहे. मालेगावची मोसम गिरणेला मिळते, गिरणा जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. म्हणजे आपल्या पुलाखालून गेलेले पाणीच सुरतेला पोहोचते. सुरतेत ऊन पडलेले असले तरी पूर येऊ शकतो, कारण पाऊस पडलेला असतो आपल्याकडे.

सुरतेच्या वर सुमारे शंभर किलोमीटरवर उकाई धरण आहे. ते १९७२ साली पुरे झाले. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ते भरत आलेले असते. तेव्हा खोऱ्यात जोराचा पाऊस झाला तर पाणी साठवायला जागा उरत नाही, ते सोडावेच लागते. २००६ मध्ये सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले. होप पुलाशी नदीची पातळी मोजतात, तेथे धोक्याची खूण साडेनऊ मीटरवर आहे. त्या पुरात पाणी १२ मीटरच्या वर गेले. भर म्हणून ९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. सुरतेपर्यंत समुद्राची भरती येते, आणि पौर्णिमेची भरती मोठी. खालून समुद्र चढलेला, वरून धरण सुटलेले, मध्ये शहर. १९६८ चा पूर ऑगस्टमधलाच आणि १९९८ चा सप्टेंबरमधला होता. महिने ध्यानात ठेवण्यासारखे आहेत.

म्हणून आमचा नियम असा. नोव्हेंबर ते मे नदीकाठी खुशाल उतरावे. हवा चांगली, भाडेही पुष्कळदा रिंग रोडपेक्षा कमी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नदीपासून चार गल्ल्या आत उतरावे आणि माल एक रात्रही तळमजल्यावर ठेवू नये. निघण्याच्या आदल्या दिवशी भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली, तर ते पाणी आपल्या पुढे उकाईकडे निघाले आहे असे समजावे आणि खरेदी आठवडाभर पुढे ढकलावी. सुरतेचा व्यापारी आठ दिवस थांबतो. पाणी थांबत नाही.

खोली घेण्यापूर्वी

आता प्रत्यक्ष हॉटेलचा विचार करू. मोबाईलवरील फोटो खोलीचा असतो, आणि आम्हाला पाहायची असते ती खोलीच्या खालची जागा. गल्ल्यावर पैसे देण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, २००६ मध्ये पाणी कोठपर्यंत आले होते, हे विचारावे. पण हॉटेलवाल्याला विचारू नये. शेजारच्या बेकरीवाल्याला, पिठाच्या गिरणीवाल्याला, खानावळवाल्याला विचारावे. तो हात वर करून भिंतीवरची उंची दाखवील. ज्याचे पीठ भिजते त्याला नदीची खबर आधी असते.

दुसरी गोष्ट, माल ठेवण्याची जागा. ती वरच्या मजल्यावर असावी, तिला आपले कुलूप लागावे आणि ठेवलेल्या नगांची चिठ्ठी मिळावी. 'फुकट ठेवतो' या शब्दावर भाळू नये. जेथे भाडे नाही तेथे जबाबदारीही नाही, हे आम्ही चौदा गाठड्या घालवून शिकलो. त्याहून उत्तम म्हणजे माल दुकानातून परस्पर ट्रान्सपोर्टला द्यावा आणि खिशात फक्त बिल्टी घेऊन मुक्कामी यावे. ज्या कारागिरांना प्रदर्शनासाठी स्वतःचा माल जवळ बाळगावाच लागतो, त्यांनी जिन्याची रुंदी पाहावी. जुन्या शहरातले जिने अरुंद असतात, मोठे खोके वळणावर अडकते.

तिसरी गोष्ट, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि स्वयंपाकघर कोणत्या मजल्यावर आहे. आणि गच्चीचा दरवाजा रात्री कुलूपबंद असतो की उघडतो. हे विचारल्यावर मॅनेजर आपल्याकडे विचित्र नजरेने पाहील. पाहू द्यावे.

चौथी गोष्ट, ओहोटीच्या वेळी खिडकी उघडून पाहावी. चौक-नानपुऱ्याकडे नदी भरतीला भरलेली सुंदर दिसते, पण ओहोटीला काठचा गाळ उघडा पडतो, वास येतो आणि संध्याकाळी डास येतात. नदीकडची खोली आणि गल्लीकडची खोली यांच्या भाड्यात फरक असेल तर आम्ही तो फरक वाचवतो आणि गल्लीकडची घेतो. नदी पाहायची तर मगरिबनंतर पुलावर जाऊन फुकट पाहता येते.

पाचवी गोष्ट, बिल. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावर क्रेडिट मिळत नाही. त्याहून महाग खोली घेतली तरी महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला उपयोग नाही, कारण हॉटेल ज्या राज्यात आहे त्या राज्याचा कर लागतो आणि गुजरातच्या कराचे क्रेडिट आपल्या खात्यात येत नाही. म्हणून भाडे विचारताना करासह किती, असेच विचारावे. ती रक्कम खरेदीच्या खर्चात धरून साडीमागे किती पडते ते काढावे. पक्के बिल मात्र अवश्य घ्यावे. आयकराच्या हिशोबात ते खर्च म्हणून दाखवता येते.

बाजाराची पारख

खाण्याचा बाजार जवळ आहे, एवढ्यावरही थांबू नये. तो कसा आहे हे पाहावे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या साथीने सुरत रिकामी झाली होती, स्टेशनवर गाडीत शिरायला जागा नव्हती. पुढल्या वर्षी आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी कचरा, गटारे आणि उघड्यावरचे खाणे यांवर कडक हात चालवला. आज स्वच्छतेच्या यादीत सुरतेचे नाव वर असते. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर इंदूरच्या बरोबरीने पहिला नंबर आला. तरी शहराचा नंबर आणि गल्लीतली ताटली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमची पारख साधी आहे. असरच्या सुमारास एक फेरी मारावी आणि इशानंतर दुसरी. ज्या दुकानात दोन्ही वेळा त्याच मोहल्ल्यातली माणसे डबे घेऊन उभी दिसतील, तेथे खावे. बायका जेथून घरी सालन नेतात तेथे शिळे खपत नाही. भांडी धुण्याचे पाणी पाहावे. हलालची पाटी पाहण्यापेक्षा मांस कोणत्या दुकानातून येते हे विचारावे, खरा दुकानदार नाव सांगायला कचरत नाही. रमजानात प्रवास असेल तर सहरीला कोणते दुकान उघडे असते आणि ते लॉजपासून किती पावलांवर आहे, हे आदल्या रात्रीच पाहून ठेवावे. मधुमेह असलेल्या आमच्या वयाच्या बांधवांनी घारीच्या दुकानासमोरून जरा लांबून जावे. हे आम्ही स्वतःलाही सांगतो.

आणि एक. पहिल्याच रात्री ज्या बाकावर बसाल तेथेच दुसऱ्या रात्रीही बसावे. रोज नवी जागा चाखणारा माणूस कोणाच्याच ओळखीचा होत नाही. परगावात ओळखीचा एक भटियारा असणे म्हणजे काय, हे त्या तीन दिवसांत आम्ही पाहिले आहे. मॅनेजरकडे आमचे नाव, पत्ता, सही सगळे रजिस्टरमध्ये होते, तरी तो आम्हाला सोडून गेला. भटियाऱ्याला आमचे नावही ठाऊक नव्हते. त्याने फक्त चार वेळा चहा पिताना पाहिले होते, आणि तेवढ्यावरून माडीवर दोन भाऊ अडकलेले असतील हे त्याच्या ध्यानात राहिले.

पुतण्याचा निर्णय

पुतण्याने सारे ऐकून घेतले आणि नदीवाले हॉटेल सोडले. जुन्या शहरात, नदीपासून पाच-सात मिनिटे आत, एका लॉजच्या तिसऱ्या मजल्यावर उतरला. माल रोजच्या रोज दुकानातून परस्पर ट्रान्सपोर्टला दिला. रिक्षाला रोज दोन फेऱ्यांचे पैसे जास्त गेले, ते त्याने वहीत लिहून आणले. पण दुसऱ्या रात्री खानावळीत एका शिफॉनच्या दलालाशी गाठ पडली आणि ज्या मालासाठी तो मार्केटमध्ये दोन दिवस भाव करीत होता तोच माल मिलच्या दराने मिळाला. रिक्षाचे भाडे त्यातच निघाले.

परत आल्यावर आम्ही विचारले, "पाण्याची खूण विचारलीस का?"

म्हणाला, "विचारली. बेकरीवाल्याने हात छातीपर्यंत नेला. मग मी तिसरा मजला घेतला." मग थोडा थांबून म्हणाला, "बडे अब्बा, तुमच्या त्या भटियाऱ्याची खानावळ आता त्याचा मुलगा चालवतो. मालेगावहून आलो म्हटल्यावर त्याने विचारले, पुरात दोन भाऊ होते ते तुमचे कोण? मी सांगितले. पैसे घ्यायला तयार नव्हता."

"मग?"

"मी दिले. म्हटले, निहारीचे घेतोस असे ठरले आहे."

पोरगा व्यापार शिकेल असे आता वाटू लागले आहे.